अकरा खळाळांचा हात

नांगा सेमावा, कापितच्या वर
३ ऑक्टोबर २०१६

लांता,

तू मला ओळखणार नाहीस. तुझी आई आणि मी मावसबहिणी. तू दोन वर्षांची असताना आमच्या ओसरीवर मी तुला अंघोळ घातली होती आणि तू माझ्या कानातली बाळी ओढून कान फाडायचा बाकी ठेवला होतास. तुझ्या आईने मीरीहून तुझा पत्ता कळवला. म्हणाली, लांताचं कुचिंगला गोंदण्याचं दुकान आहे, हाताने काठी ठोकून जुन्या पद्धतीने गोंदते, परदेशातून लोक येतात. मला तर हे ऐकून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. म्हणजे आनंदाने.

मला गोंदून घ्यायचं आहे. हसू नकोस. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि माझ्या अंगावर एक ठिपकासुद्धा नाही. माझा नवरा जांतिंग दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या अंगावर रिकामी जागा शोधावी लागायची. प्रत्येक मुशाफिरीहून आला की एक नवं. ब्रुनेईला लाकूडतोडीला गेला, पाठीवर खेकडा आला. सिंगापूरला पहिल्यांदा विमानाने गेला, उजव्या हातावर विमान आलं. मला तेच विमान हवं आहे, त्याच हातावर, तेवढंच. फोटो सोबत पाठवते.

नाताळच्या आधी आमच्या लांबघरापर्यंत रस्ता येतो आहे. मग बोटी बंद. सतरा डिसेंबरला या एका छपराखालची एकोणीसही बिऱ्हाडं शेवटची एकदा बोटींनी कापितला उतरणार आहेत. त्या दिवशी माझ्या हातावर गोंदण असायला हवं. तेव्हा लवकर तारीख दे. माझ्याबरोबर अकराजणी यायचं म्हणताहेत.

फोनची रेंज टाकीच्या टेकडीवरच मिळते आणि सध्या मला टेकडी चढवत नाही. म्हणून पत्र. उत्तर कापितच्या घाटावर बुंदाकच्या नावाने पाठव. तो माझा धाकटा दीर, बोट त्याचीच.

तुझी सुलाऊमावशी


कुचिंग
१४ ऑक्टोबर २०१६

प्रिय सुलाऊमावशी,

तुमचं पत्र मी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. माझी जोडीदारीण सेलिया गोंदताना कातडी ताणून धरते. ती म्हणाली, या बाईंना रांगेत सगळ्यांच्या पुढे घे. घेतलं आहे. तीस नोव्हेंबर, सकाळी नऊ.

पण तारखेआधी मी प्रत्येकाला काही गोष्टी सांगते, त्या तुम्हालाही सांगते. मावशी म्हणून सूट नाही.

आदल्या दोन दिवसांत तुआक प्यायची नाही. दारूने रक्त पातळ होतं आणि शाई बाहेर येते. कालच एकजण लग्नाच्या पंगतीतून थेट आला, त्याला दारातून परत पाठवलं. रात्री नीट झोपायचं, सकाळी पोटभर जेवून यायचं, उपाशी माणूस तासाभरात डोळे फिरवतो. बाही सैल हवी. अकराजणी नकोत, एक पुरे. अकराजणी आल्या तर अकरा मतं येतील, आणि एकदा काठी लागली की मत बदलता येत नाही. चित्र कागदावर आधी ठरेल, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी सुई उचलणार नाही. नंतर तीन आठवडे नदीत उतरायचं नाही, उन्हात हात काढायचा नाही, खपली कितीही खाजली तरी नख लावायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही आजार असेल, कुठली औषधं चालू असतील, साधी गोळीसुद्धा, तर ती मला लिहून कळवायची.

आता विमानाबद्दल. फोटो पाहिला. ज्याने ते गोंदलं त्याचा हात फार चांगला होता. पण मी दुसऱ्याचं गोंदण उतरवून देत नाही. ते विमान जांतिंगकाकांचं आहे, कारण विमानात ते बसले होते. तुम्ही कुठे गेलात ते मला कळवा, त्यातून तुमचं चित्र काढू.

लांता


नांगा सेमावा
२५ ऑक्टोबर २०१६

लांता,

मी कुठेही गेलेले नाही. कापितच्या पुढे दोनदा गेले, एकदा सिबूला दाताच्या डॉक्टरकडे आणि एकदा तुझ्या आईच्या लग्नाला. नवरा फिरत होता तेव्हा मी घरी होते. कुणीतरी घरी असावं लागतं.

तारीख दुसऱ्या कुणाला दे, ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही असेल. फोटो परत पाठव.

सुलाऊ


कुचिंग
२ नोव्हेंबर २०१६

प्रिय मावशी,

फोटो परत पाठवत नाही. तो घ्यायच्या निमित्ताने तरी तुम्ही याल.

माझं चुकलं. मी रोज वीस-पंचवीस वर्षांच्या पोरापोरींना हाच प्रश्न विचारते आणि ते मला बाली, बँकॉक सांगतात. तोच प्रश्न मी तुमच्यासमोर तसाच टाकला. तुमचं पत्र वाचून सेलियाने मला दिवसभर फैलावर घेतलं.

तारीख तुमचीच आहे. प्रश्न नीट विचारते. जांतिंगकाका नव्हते तेव्हा तुम्ही घरी राहून रोज काय करत होतात? सकाळी उठल्यापासून सांगा. लहानसहान काही वगळू नका.

लांता


नांगा सेमावा
१३ नोव्हेंबर २०१६

लांता,

मी रागावून लिहिणारच नव्हते. पण सकाळी उठल्यापासून सांग म्हणालीस, म्हणून सांगायला बसले आणि आता दिवा लागायची वेळ झाली तरी हात थांबत नाही.

सकाळी उठले की मी नदीवर जाई आणि पाणी बघे. धक्क्याच्या कितव्या पायरीला लागलंय, रंग कसा आहे, फांद्या वाहताहेत का. मग बोटीत जाऊन पुढच्या टोकाला उभी राही. काठी घेऊन. मशीन मागे बुंदाक चालवी. पण मागच्याला पुढचा खडक दिसत नाही, लांता, त्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. मी काठी डावीकडे केली की तो डावीकडे, खाली दाबली की मशीन वर उचलायचं. जांतिंग पहिल्यांदा ब्रुनेईला गेला तेव्हा त्याची जागा रिकामी पडली आणि मुखियाने माझ्याकडे बघून विचारलं, तुझ्या बापाने तुला पाणी शिकवलंय ना? मी बावीस वर्षांची होते. जांतिंग परत आला, खेकडा गोंदून. तरी काठी माझ्याचकडे राहिली, कारण तोवर लोक म्हणायला लागले होते की सुलाऊ पुढे असेल तर आम्ही बसतो.

एकोणचाळीस वर्षं. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या. तांदूळ उतरवला, रबर उतरवलं, नवऱ्या मुली चढवल्या, अडलेल्या बाया उतरवल्या, त्यातली एक चौथ्या खळाळात, खडकांतल्या उसळत्या पाण्यातच मोकळी झाली आणि खळाळाचं नाव तिच्यावरून पडलं. तिघांना शवपेटीत घालून वर आणलं. एक माणूस गमावला नाही. पोती गमावली.

इथून खाली मोठ्या नदीपर्यंत अकरा खळाळ आहेत. वरून खाली सांगते. दोन बहिणी. तांदूळसांडी. म्हातारीचं हसू. बाळंतिणीचा. वाकडा दात. नवरदेवबुडवा, पण नवरदेव बुडाला नव्हता, फक्त त्याची पेटी बुडाली. मग कुत्र्याची उडी, काळी पाठ, मुकी, भांडखोर, आणि शेवटचा घरचा, कारण वर येताना तो लागला की घराचा वास येतो असं म्हणतात. मला कधी आला नाही. मला पेट्रोलचा येई.

हे गोंदता येईल का? मला झोप लागेनाशी झाली आहे विचार करून.

औषधं काही नाहीत. तब्येत दणदणीत. मांजर मांडीवर बसली तरी काळानिळा डाग पडतो, बस्स, वयाने कातडी पातळ झाली आहे, ते तुला कळवलेलं बरं. तीसला येते. एकटीच.

तुझी मावशी


कुचिंग
२२ नोव्हेंबर २०१६

मावशी,

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानेच. काल रात्री आईला मीरीला फोन केला आणि विचारलं, हे मला कधीच कसं सांगितलं नाहीस? ती म्हणाली, त्यात काय सांगायचं, सुलाऊ तर कायम बोटीवरच असायची.

मी अकरा चित्रं काढली, सोबत पाठवते. मला ती आवडलेली नाहीत. एखाद्या मुलाच्या वहीसारखी दिसतात. पण यातून काहीतरी निघणार आहे, ते मला बोटांत जाणवतंय.

आता दुसरी गोष्ट. मांजर बसली म्हणून काळानिळा डाग पडत नाही. माझ्याकडे येणारा जो कुणी असं सांगतो, तो रक्त पातळ करणारी गोळी घेत असतो. तुम्ही टेकडी चढत नाही म्हणून पहिल्याच पत्रात लिहिलं होतंत. पायाला काय झालंय? गोळी कुठली आहे? अशा माणसाला मी गोंदलं तर रक्त थांबत नाही, शाई टिकत नाही आणि जखम चिघळते.

खरं लिहा. गोळी चालू असेल तर तीस तारीख नाही. आणि मावशी, गोंदण्यासाठी म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. एक दिवससुद्धा नाही. गोंदणं थांबेल, मी थांबेन, नदीसुद्धा आहे तिथेच आहे.

लांता


कापित, बायकांचा वॉर्ड
६ डिसेंबर २०१६

लांता,

तुझं पत्र आमच्या धक्क्यावर उतरलं तेव्हा मला बोटीत चढवत होते. पत्र मी बोटीतच फोडलं. उशीर झाला होता.

खरं लिहिते. ऑगस्टमध्ये धक्क्यावर पाय घसरला, पायाच्या नळीचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं. त्या पायात रक्ताची गाठ धरली. डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांची गोळी दिली. मी तुझ्यापासून लपवलं, कारण तू नाही म्हणशील ते मला माहीत होतं. रक्त घट्ट व्हावं म्हणून अठरा तारखेपासून गोळी बंद केली. सव्वीसला पाय केळीच्या खोडासारखा झाला. बुंदाकने काही न विचारता मला उचललं.

अकरा खळाळ मी पहिल्यांदाच आडवी पडून उतरले. पुढे काठीवर बुंदाकचा जावई होता, चांगला आहे, पण घाबरला होता. मला काही दिसत नव्हतं, नुसतं आकाश. पण पाण्याचा आवाज येत होता. तांदूळसांडीचा आवाज तळणासारखा असतो, म्हातारीचं हसू घशातून येतं. मी खालून ओरडून सांगत होते, आता डावीकडे, आता उचल. बुंदाक नंतर म्हणाला, तुझ्या डोळ्यांची गरजच नव्हती म्हणजे इतकी वर्षं.

गाठ छातीत सरकली असती तर मी आज लिहीत नसते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुझ्यापेक्षा जास्त रागावल्या. आता मोजणी पुन्हा पहिल्यापासून, जूनपर्यंत गोळी. मी त्यांना तुझं पत्र दाखवलं. त्यांनी ते शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही वाचून दाखवलं.

एक चांगली बातमी. पावसात रस्त्याची मोरी वाहून गेली. रस्ता फेब्रुवारीशिवाय येत नाही. म्हणजे शेवटची फेरीही तेव्हाच. माझा हात त्या दिवशी कोराच असेल. असू दे. पण तू ये. तुला चित्रं आवडली नाहीत ना, मलाही नाही आवडली. तू ते पाणी पाहिलेलंच नाहीस.

सुलाऊमावशी


कुचिंग
१५ फेब्रुवारी २०१७

मावशी,

शेवटच्या फेरीहून घरी पोहोचले. अजून कानात पाणी आहे, खरंखुरं, डाव्या कानात.

तू घाटावर विचारलंस की काय वाटलं. आता सांगते. अकरा बोटी रांगेने सुटल्या तेव्हा मला वाटत होतं ही एक मिरवणूक आहे, तुआक आहे, गाणी आहेत, छान. तू पहिल्या बोटीत पुढे, प्लास्टिकच्या खुर्चीत, खुर्ची दोरीने बांधलेली, अंगात नारिंगी जॅकेट, डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं की उठायचं नाही. मी तुझ्या मागच्याच फळीवर. पहिला खळाळ, दोन बहिणी, आला आणि गाणी बंद झाली. कुणी बंद करा म्हटलं नाही. सगळे तुझ्या काठीकडे बघत होते. मागच्या दहा बोटींतले पुढचे लोकसुद्धा स्वतःच्या पाण्याकडे नाही, तुझ्या काठीकडे.

वाकड्या दातापर्यंत तू बसून होतीस. नवरदेवबुडव्याच्या तोंडाशी पाणी उभं राहिलेलं मी पाहिलं, घराएवढं उंच, आणि तू उठलीस. मी तुझं जॅकेट मागून धरलं. तू वळून न बघता म्हणालीस, "धर, पण ओढू नकोस." मग काठी एकदा डावीकडे गेली, एकदा खाली दाबलीस, आणि आपण त्या पाण्याच्या मधून, जिथे मला वाट दिसतच नव्हती तिथून, लोणी कापावं तसे निघालो. माझी बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत सरळ होत नव्हती. तू बसलीस आणि तोंडात पानाचा विडा टाकलास.

तेव्हा मला चित्र सापडलं. मी पाणी काढत होते, लाटा, भोवरे. तू पाण्याकडे बघतच नाहीस. तू खडक बघतेस, आणि खडकांच्या मधे जे उरतं ती वाट. म्हणून मी पाणी गोंदणार नाही. मनगटापासून कोपरापर्यंत फक्त खडक गोंदेन, काळे, ठोकून भरलेले, आणि नदी म्हणजे मधली कोरी कातडी. ती वळत वळत वरपर्यंत जाईल. तुझ्या वयाच्या कातडीत शाई पुढे जराशी पसरते, त्यामुळे खडक मोठे आणि मोकळे ठेवलेत. वाट कधी बुजणार नाही.

कागद पाठवते. पेन्सिलीने हवं ते खोड. तो कागद घरात सगळ्यांना दाखव, भांडणं तिथेच मिटवा. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आली की तारीख. त्याआधी नाही.

लांता


नांगा सेमावा
२० जून २०१७

लांता,

चिठ्ठी सोबत आहे. आठ तारखेला गोळी बंद झाली, त्यांनी केली, मी नाही. पायाची तपासणी झाली, गाठ नाही. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय की गोंदायला हरकत नाही, पण हातावरच्या जुन्या व्रणावर सुई नको. तो व्रण मी तुला दाखवला नव्हता, दोरीचा आहे, मनगटाच्या वर. तिथे खडक ठेवू नकोस, तिथून वाट जाऊ दे.

गावाईच्या सणाला सगळ्यांनी तुआक प्यायली, मी नाही. लोकांना वाटलं मी पुन्हा आजारी पडले.

कधी येऊ?

सुलाऊमावशी


नांगा सेमावा
२७ ऑगस्ट २०१७

लांता,

हात बरा आहे. तू सांगितल्याप्रमाणे नख लावलं नाही, खाजलं तेव्हा वरून हलक्या हाताने थोपटलं. तीन आठवडे नदीकडे पाठ करून अंघोळ केली. आता खपल्या गेल्या आणि काळा असा बसलाय की ओला वाटतो.

तुझ्याकडच्या त्या दोन दिवसांबद्दल मी तिथे फारसं बोलले नाही, कारण रडले असते आणि सेलिया कातडी ताणून बसली होती, हात हलला असता. दुखलं. हाडाजवळ फार दुखलं. पण ती टकटक सुरू झाली आणि तासाभराने मला बोटीच्या मशीनसारखी वाटायला लागली, मग मी मनातल्या मनात खाली उतरत गेले, एकेक. तू सातव्यावर होतीस तेव्हा मी अजून बाळंतिणीच्या खळाळापाशीच होते. तू थांबून विचारलंस, मावशी, सोसतंय ना? मी म्हटलं, थांबू नकोस, मधे थांबलं की बोट आडवी होते. संपल्यावर तू आरसा धरलास. माझी मान वर होईना. एकोणचाळीस वर्षं मी ज्या वाटेने गेले ती मी कधी एकदम अख्खी पाहिलीच नव्हती.

आता कालचं आणि आजचं सांगते, त्यासाठी पत्र लिहायला बसले.

रस्ता झाल्यापासून सगळे गाडीने जातात. पन्नास मिनिटांत कापित. बोटी घराखाली पालथ्या पडल्यात. रोज संध्याकाळी ओसरीवर कुणी ना कुणी माझा हात मांडीवर घेऊन बसतं आणि बोटाने वरून खाली उतरतं. पोरांना दाखवतात, इथे तुझी आजी नवरी होऊन आली, इथे आपलं शिवणयंत्र बुडालं. काल म्हातारा एंकामात आला. शहात्तर वर्षांचा, पूर्वी पलीकडच्या घराची बोट चालवायचा, माझ्याशी त्याचं कधी पटलं नाही. त्याने हात डोळ्यांजवळ धरला, सहाव्या खळाळावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "चुकलंय. नवरदेवबुडव्याचा बुडीत खडक डावीकडे आहे. हिने उजवीकडे गोंदून घेतला."

तो खडक कधी पाण्याबाहेर येत नाही, तेव्हा बघून सांगता येईना. काहीजण म्हणाले डावीकडे, काहीजण उजवीकडे. बुंदाक म्हणाला, मला विचारू नका, मी तर तिची पाठ बघायचो. मी म्हटलं, माझ्या अंगावर आहे ते आता खोडता येत नाही, तेव्हा खात्री करून घ्या.

आज सकाळी चार बोटी सुलट केल्या. मशिनी पुसल्या, एक सुरूच होईना, तिला शिव्या घातल्यावर झाली. महिनाभर पाऊस नाही, पाणी खाली गेलेलं, वाट अरुंद. एंकामात माझ्या बोटीत बसला. कुणाचं तरी एक बाळ रडत होतं, तेसुद्धा वाकड्या दातानंतर थांबलं. नवरदेवबुडव्याच्या वर बुंदाकने बोट जागेवर धरली, तिरकी, मशीन पाण्याविरुद्ध घुरघुरत. मी उभी राहिले. पायाने साथ दिली, डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे.

काठी उजवीकडे खाली सोडली. हातभर गेली, दोन हात गेली, आणि टक्क.

एंकामातने काठी माझ्या हातातून घेतली. स्वतः डावीकडे घातली. ती जातच राहिली, त्याची मूठ पाण्याला लागली तरी तळ नाही. मग त्याने उजवीकडे घातली. टक्क. पुन्हा घातली. टक्क. मागच्या तीन बोटी कडेला दोर धरून थांबल्या होत्या, तिथल्या लोकांना आवाज ऐकू गेला नसावा, पण त्याचं तोंड दिसलं असावं, कारण ते ओरडायला लागले. एंकामातने काठी मला दोन्ही हातांनी परत दिली, जशी मुखियाला देतात.

तिथून वर परत यायचं ठरलं होतं. घरी भात शिजत ठेवला होता. पण मागे वळून पाहिलं तर एकही बोट फिरायला तयार नव्हती, सगळी तोंडं माझ्याकडे. मी काठी डावीकडे केली. नवरदेवबुडवा उतरलो, आणि त्याखालचे पाचही खळाळ.

सुलाऊमावशी